बाइकचा ईसीयू घरी लॅपटॉपवरून अपडेट करताय? आधी वाचा, मग लिहा



केबल जोडण्यापासून गाडी पुन्हा चालू होईपर्यंतचं काम आपण व्हिडिओत बघितलं. पण व्हिडिओत हात दिसतात, डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम. आणि केबल आधीच हातात घेतली असेल तर ती पाच मिनिटं खाली ठेवा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण पुढचा सगळा धडा त्या एका संध्याकाळी शिकलो.

पावसाळ्याचे दिवस. एका गिऱ्हाइकाची सेकंडहँड ट्रायम्फ बोनव्हिल गॅरेजमध्ये आली होती. गाडी तशी ठणठणीत होती. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा आणि कमी स्पीडला जरा झटके द्यायची, एवढीच तक्रार. मी नुकतंच सॉफ्टवेअर शिकलो होतो आणि हात शिवशिवत होते. म्हटलं, "साहेब, मॅप बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम." गाडीतला मूळ मॅप वाचून ठेवायला अजून वेळ लागला असता. तेव्हा मनात म्हटलं, मूळ फाइल काय, नेटवर मिळेलच की. नवीन मॅप लिहायला सुरुवात केली आणि साठ टक्क्यांच्या आसपास लाइट गेली. चार्जर बंद. गाडीचा हेडलाइट मात्र चालूच, कारण तो काढायचं सुचलंच नव्हतं. बॅटरी आधीच थकलेली. दोन मिनिटांत व्होल्टेज पडलं, लॅपटॉपवर एररची खिडकी उघडली आणि मी घाबरून चावी बंद केली.

त्यानंतर गाडी चालू झाली नाही. गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. चिडलं नाही, ओरडलं नाही. एवढंच म्हणालं, "दादा, चालू होती हो गाडी."

ते वाक्य आजही कानात आहे. नंतर नेटवरची एक फाइल टाकली, तर ती वेगळ्या वर्षाच्या मॉडेलची निघाली. इंजिन चालू झालं, पण आयडलवर खोकायला लागलं. शेवटी गाडी टेम्पोत घालून दुसऱ्या शहरात न्यावी लागली. खर्च माझा. ते गिऱ्हाईक परत आलं नाही आणि त्याने आणलेली आणखी दोन गिऱ्हाइकंही गेली.

गाडीत जे आहे ते आधी वाचून जपून ठेवलं असतं, तर हा प्रसंग एका तासात निभावला असता. म्हणून आजचा धडा एका ओळीचा आहे: आधी वाचा, मग लिहा. आता ही ओळ प्रत्यक्ष कामात कशी उतरवायची ते पायरी-पायरीने बघू.

ईसीयूमध्ये नेमकं काय असतं?

ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर. थ्रॉटल किती उघडलाय, इनटेकमध्ये दाब किती आहे, इंजिन किती तापलंय, क्रँक किती वेगाने फिरतोय, हे सेन्सर त्याला सांगतात. त्यावरून तो दोन मुख्य गोष्टी ठरवतो: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी पाडायची.

आपण सरसकट "अपडेट" म्हणतो, पण आत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. त्यांची गल्लत करू नका.

१. प्रोग्रॅम. ईसीयू कसा विचार करतो ते यात असतं. याला आपण हात लावत नाही.

२. मॅप. हे तक्ते. आडव्या ओळीत थ्रॉटल किंवा दाब, उभ्या ओळीत आरपीएम आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखं समजा. तीन हजार आरपीएम आणि वीस टक्के थ्रॉटल असेल तर त्या चौकोनातला आकडा उचलायचा आणि तेवढं पेट्रोल द्यायचं. इंधनाचे तक्ते वेगळे, ठिणगीचे वेगळे. ८६५ सीसीच्या बोनव्हिलमध्ये कमी थ्रॉटलवर इनटेकच्या दाबाचा तक्ता कामाला येतो आणि जास्त थ्रॉटलवर थ्रॉटलच्या उघडझापीचा.

३. शिकलेल्या दुरुस्त्या. याला ॲडाप्टेशन म्हणतात. गाडी चालता चालता ऑक्सिजन सेन्सरकडून ईसीयूला कळतं की मिश्रण जरा पातळ होतंय की घट्ट. मग तो स्वतःच थोडी भर घालतो किंवा कमी करतो आणि ते लक्षात ठेवतो.

४. फॉल्ट कोड. काय बिघडलं होतं याची नोंद.

गंमत अशी की "मॅप बदला" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं काम तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावरच संपतं. कोड वाचायचा, दोष काढायचा, ॲडाप्टेशन रिसेट करायचं. मॅपला हात लावायची गरजच पडत नाही.

मॅप बदलायची खरंच गरज आहे का?

केबल जोडण्याआधी हे बघून घ्या:

- एअर फिल्टर किती घाण आहे?
- प्लगचा रंग कसा आहे? फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल तर मिश्रण पातळ, काळा आणि काजळीचा असेल तर घट्ट.
- इनटेकच्या रबराला चीर गेली आहे का? तिथून जादा हवा घुसली तर गाडी अगदी "मॅप खराब" असल्यासारखीच वागते.
- सायलेन्सरच्या जोडाला गळती आहे का? थ्रॉटल सोडल्यावर होणारी फटफट अनेकदा इथूनच येते.
- वॉल्व्ह क्लिअरन्स शेवटचा कधी तपासला?
- बॅटरीच्या टर्मिनलचे नट घट्ट आहेत का? हसू नका. आयडल वर-खाली होण्याचं कारण इथे सापडल्याची उदाहरणं आहेत.

ज्याचं दुखणं पान्याचं आहे, त्याला लॅपटॉपचं औषध लागू पडत नाही. फाटक्या रबरावर मॅप चढवला तर दोन दिवस गाडी बरी वाटेल. पुढे ते रबर कोणीतरी बदलेल आणि तुमचा मॅप चुकीचा ठरेल.

मग मॅप बदलायचा केव्हा? माझ्या मते तीन वेळा. एक, कंपनीनेच त्या मॉडेलसाठी सुधारित फाइल काढली असेल तेव्हा. दोन, हवा आत घेण्याच्या किंवा धूर बाहेर टाकण्याच्या बाजूला खरोखर बदल केला असेल आणि तो कायद्यात बसत असेल तेव्हा. तीन, इंधन बदललं असेल तेव्हा.

तिसरं कारण सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू.

ई२० आणि तुमचा मॅप

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला एका किलोला फक्त ९ किलो. म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२० ला साधारण १३.५ किलो हवा पुरते. आता उलटा हिशोब करा. सिलिंडरमध्ये येणारी हवा तेवढीच आहे, तर ई२० किती जास्त द्यावं लागेल? १४.७ भागिले १३.५, म्हणजे साधारण आठ-नऊ टक्के जास्त. शुद्ध पेट्रोल धरून बनवलेला जुना मॅप ई२० वर तेवढा पातळ पडतो.

पण लगेच सगळ्या तक्त्यात नऊ टक्के वाढवायला धावू नका. दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली: ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत, शांत आणि एकसारख्या वेगात चालताना ईसीयू स्वतःच ही भर घालतो. त्याच्या दुरुस्तीच्या मर्यादेत फरक बसला तर तुम्हाला काही करायचं नसतं. प्रश्न येतो तो जास्त थ्रॉटलवर आणि थंड इंजिन चालू करताना, जेव्हा सेन्सरचं ऐकलं जात नाही. शिवाय दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आधीपासून चालवणाऱ्या गाडीला ई२० वर जाताना चार-साडेचार टक्क्यांचाच फरक पडतो.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: जुन्या गाडीची इंधनाची नळी, ओ-रिंग आणि टाकीच्या आतली सील इथेनॉल सोसणारी नसतील, तर मॅप कितीही सुंदर असला तरी ती फुगणार आणि गळणार. आधी नळ्या, मग आकडे.

सामान: काय हवं आणि काय नको

उदाहरण म्हणून आपण ती ८६५ सीसीची बोनव्हिलच घेऊ. ट्रायम्फने भारतात विक्री सुरू केली नोव्हेंबर २०१३ मध्ये, आणि त्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतात. तिच्यासाठी ट्यूनईसीयू नावाचं सॉफ्टवेअर जगभरचे हौशी लोक वापरतात. दुसऱ्या गाडीला दुसरं सॉफ्टवेअर लागेल, पण शिस्त हीच.

केबल. या गाडीला एफटीडीआय चिपची यूएसबी केबल घ्या. बाजारात दिसायला हुबेहूब, आत दुसरीच चिप असलेल्या केबली मिळतात. त्यांच्यावर कोड वाचले जातीलही, पण लिहिताना मध्येच संपर्क तुटला तर रडायची वेळ येईल. चारशे-पाचशे रुपयांचं निळं ब्लूटूथ डोंगल कोड बघायला ठेवा. या गाडीत मॅप लिहायला ते वापरू नका.

लॅपटॉप. जुना चालेल, पण त्याची बॅटरी किमान दोन तास टिकणारी हवी. लाइट गेली तरी लॅपटॉप चालू राहिला पाहिजे.

चार्जर. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. बॅटरीवर मोजमापाची नजर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. अर्ध्या बॅटरीवर लिहायला बसू नका. चार्जर असा घ्या की जो स्थिर व्होल्टेज देतो. ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचा मोठा, गुरगुरणारा चार्जर जोडू नका, त्याच्या व्होल्टेजचा नेम नसतो. आणि चार्जर इन्व्हर्टरवर घ्या. माझी चूक आठवते ना?

मल्टिमीटर. साधा चालेल. काम संपेपर्यंत बॅटरीला लावून ठेवा.

पेन ड्राइव्ह. प्रत्येक गाडीची मूळ फाइल लॅपटॉपशिवाय दुसरीकडेही हवी.

हेडलाइट का काढायचा?

चावी ऑन केली की गाडी बॅटरी खायला लागते. ५५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर घेतो. मागचा दिवा, मीटर, ईसीयू धरून सहा अँपिअर म्हणा. अशा गाडीची बॅटरी साधारण १० अँपिअर-तासाची असते, तीही नवी असताना. वाचणं, तपासणं, लिहिणं यात अर्धा-पाऊण तास गेला तर तीन-चार अँपिअर-तास फुकट गेले. जुन्या बॅटरीची तेवढी ऐपतच नसते. म्हणून हेडलाइटचा कनेक्टर काढून ठेवा आणि हँडलवर चिकटपट्टी लावून लिहा, "हेडलाइट काढलाय". नाहीतर रात्री गिऱ्हाइकाचा फोन येईल.

कामाची शिस्त: पायऱ्या

पायरी १. लॅपटॉप शांत करा. स्लीप बंद, स्क्रीन सेव्हर बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं, वाय-फाय बंद. लॅपटॉपला मध्येच "रीस्टार्ट करू का?" असं सुचलं तर ते तुम्हाला महागात पडेल. केबल थेट लॅपटॉपला लावा, मध्ये यूएसबीचा हब नको.

पायरी २. गाडी तयार करा. मेन स्टँडवर किंवा रॅम्पवर सरळ उभी, न्यूट्रलमध्ये. हेडलाइट काढलेला, चार्जर जोडलेला. केबल सीटखालच्या कनेक्टरला लावा. किल स्विच रनवर, चावी ऑन, इंजिन बंद.

पायरी ३. ओळख पटवा. सॉफ्टवेअरने ईसीयूशी संपर्क केला की त्यात कोणत्या क्रमांकाचा मॅप आहे ते बघा. तो क्रमांक वहीत लिहा. चेसिस नंबर जुळतो का बघा. सेकंडहँड गाडीत पूर्वीच्या मालकाने काय टाकून ठेवलंय सांगता येत नाही. "कंपनीचाच मॅप आहे" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी आपण मान डोलवायची आणि बघून खात्री करायची.

पायरी ४. फॉल्ट कोड वाचा आणि लिहून घ्या. खोडू नका. आधी लिहून घ्या, फोटो काढा. हा गाडी येतानाचा पुरावा आहे. उद्या "हा लाइट तुमच्याकडेच लागला" असं कोणी म्हणालं तर तोच कामाला येईल.

पायरी ५. मॅप वाचा. हाच आपल्या धड्याचा गाभा. वाचायला वेळ लागतो आणि तो का लागतो तेही समजून घ्या. या गाडीत ज्या तारेवरून बोलणं होतं तिचा वेग सेकंदाला १०,४०० बिट. म्हणजे एका सेकंदात जेमतेम हजार अक्षरं. मोबाइलच्या जमान्यात हा बैलगाडीचा वेग झाला. त्यामुळे पट्टी हळू सरकते. ती अडकलेली नसते. चहा घ्या, पण तिथेच बसून घ्या.

पायरी ६. परत एकदा वाचा. होय, दुसऱ्यांदा. दोन फाइली वेगळ्या नावाने ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी उघडून जुळवा. जुळल्या तर केबल, लॅपटॉप आणि गाडी यांचं बोलणं स्वच्छ आहे याची खात्री झाली. जुळल्या नाहीत तर लिहायचा विचार सोडून द्या. वाचताना चुकणारी केबल लिहितानाही चुकणार, आणि ती चूक गाडीच्या आत जाऊन बसणार.

पायरी ७. फाइल नीट ठेवा. नावात तारीख, गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, किलोमीटर आणि शेवटी "मूळ" हा शब्द. नाव इंग्रजी अक्षरांत लिहा, जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाला अडखळतात. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर. ही फाइल उघडून बदल करायचे नाहीत. बदलासाठी तिची नक्कल घ्यायची.

पायरी ८. एका वेळी एकच बदल. इंधनाचा तक्ता बदलायचा असेल तर दोन-तीन टक्क्यांची पायरी घ्या, गाडी चालवा, प्लग बघा, मगच पुढची. शेजारशेजारच्या चौकोनांत उडी नको, उतार हवा. नाहीतर त्या आरपीएमला गाडी झटका देईल. आणि ठिणगीच्या तक्त्याला हात लावू नका. ठिणगी जरा लवकर पडली तर गाडी सुरुवातीला तरतरीत वाटते, पण चढावर आतून कडकड ऐकू यायला लागते. ती कडकड पिस्टनला खाते. डायनो आणि नॉक ऐकायचं साधन नसेल तर तो तक्ता आपल्यासाठी नाही.

पायरी ९. लिहा, आणि हात मागे घ्या. मल्टिमीटर बघा, सगळं ठीक असेल तर सुरुवात करा. त्यानंतर केबलला, चावीला, लॅपटॉपला कोणीही हात लावायचा नाही. हेल्परला सांगून ठेवा. गॅरेजमध्ये कंप्रेसर, ग्राइंडर बंद. फोनही बाजूला.

पायरी १०. संपल्यावर घाई नको. सॉफ्टवेअरने "झालं" म्हटल्यावर सांगितल्याप्रमाणे चावी बंद करा आणि एक मिनिट थांबा. चावी बंद झाल्यावरही ईसीयू काही क्षण जागा असतो आणि आपलं आवरत असतो. मग चावी ऑन, कोड बघा, ॲडाप्टेशन रिसेट करा आणि इंजिन चालू करून आयडलवर गरम होऊ द्या. ही हवेवर थंड होणारी गाडी आहे, म्हणून समोर मोठा पंखा लावा. आणि हे काम बंद खोलीत कधीही करू नका. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. शटर पूर्ण वर, किंवा गाडी सरळ बाहेर काढा.

शेवटी हेडलाइट जोडा, एक फेरी मारा, परत कोड वाचा, वहीत लिहा.

मध्येच थांबलं तर?

पहिला नियम: चावी बंद करू नका. मी तेच केलं होतं. बऱ्याच ईसीयूमध्ये लिहून घेणारा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या जागी असतो आणि मॅप अर्धवट राहिला तरी तो जिवंत असतो. म्हणून परत प्रयत्न करायची संधी बहुतेक वेळा मिळते. व्होल्टेज बघा. केबल यूएसबीच्या बाजूने नीट बसलीय का बघा. सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा लिहायचा किंवा रिकव्हरीचा पर्याय असेल तर तो घ्या आणि लिहायला नवीन फाइल न घेता मूळ फाइल घ्या. पूर्ण लिहिली गेली की गाडी जिथे होती तिथे परत आली.

दुसरा नियम: घाबरून दुसऱ्या गाडीची, दुसऱ्या वर्षाची किंवा "सेम टू सेम आहे" म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल टाकू नका. गाडीचं नाव एक असलं तरी आतल्या ईसीयूचा क्रमांक वेगळा असू शकतो.

तिसरा नियम: गिऱ्हाइकाला खरं सांगा, तेव्हाच सांगा. "लिहिताना अडकलंय, मूळ फाइल आपल्याकडे आहे, एक तास द्या." मूळ फाइल असेल तरच हे वाक्य छातीठोकपणे म्हणता येतं.

कायदा आणि "नाही" म्हणायची हिंमत

गिऱ्हाईक येऊन म्हणेल, "दादा, ऑक्सिजन सेन्सर बंद करून टाका, पिकअप वाढतो म्हणे." इथे थांबा.

भारतात १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस६ आहेत. त्यांच्या ईसीयूचं अर्धं काम धुरावर लक्ष ठेवायचं असतं. सेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅपमधून "विसरायला" लावला तर गाडी धुराचे निकष मोडू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे असं वाहन रस्त्यावर चालवणाऱ्यालाच नव्हे, चालवू देणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल परस्पर करता येत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर ती वॉरंटीही हातची जाऊ शकते.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने तिथल्या पर्यावरण संस्थेशी तडजोड केली. प्रकरण मोटरसायकलचा मॅप बदलणाऱ्या ट्यूनर यंत्रांचं होतं. २००८ पासून अशी सुमारे ३ लाख ४० हजार यंत्रं विकली गेली होती आणि त्यांनी गाडीचा धूर ठरवून दिलेल्यापेक्षा वाढतो, असा आरोप होता. कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला, विक्री थांबवली आणि दुकानांत उरलेली यंत्रं परत घेऊन नष्ट करायचं कबूल केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला वकिलांची फौज असते. आपल्याला काय आहे? आपलं नाव आहे, तेवढंच.

म्हणून "नाही" म्हणायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा. मी म्हणतो, "साहेब, गाडी मी दुरुस्त करून देतो, पीयूसीत नापास होईल असं काही करून देत नाही." काही जण निघून जातात. जे थांबतात ते वर्षानुवर्षं थांबतात.

धंद्याचा हिशोब

गॅरेजवाल्या मित्रांसाठी चार गोष्टी.

एक, तपासणीचे पैसे वेगळे घ्या. मॅप लिहिला नाही तरी कोड वाचणं, प्लग बघणं, मॅप वाचून जपणं हे काम आहे. त्याचे पैसे मिळत नसतील तर गरज नसतानाही मॅप लिहायचा मोह होतो. फुकट तपासणीतून चुकीचं काम जन्माला येतं.

दोन, जॉब कार्डवर सही घ्या. गाडी कोणत्या स्थितीत आली, कोणते कोड होते, काय बदलणार, काय बदलणार नाही. सोप्या मराठीत, सहा-सात ओळी.

तीन, मूळ फाइल गिऱ्हाइकाला द्या. पेन ड्राइव्हवर, त्याच्या गाडीच्या नावाने. "ही तुमच्या गाडीची मूळ फाइल, कुठेही गेलात तर जवळ असू द्या." काही जण म्हणतात, मग तो दुसऱ्याकडे जाईल. माझा अनुभव उलटा आहे. ज्याने आपली वस्तू आपल्या हातात दिली, त्याच्याकडे माणूस परत येतो.

चार, गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकू नका. स्वतःची गाडी, मित्राची गाडी, भंगारातून आणलेला ईसीयू. शिकायच्या जागा खूप आहेत. ज्या गाडीवर माणूस उद्या सकाळी कामाला जाणार आहे, ती शिकायची जागा नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या स्वतःच्या गाडीवर पायरी १ ते ७ करा आणि तिथेच थांबा. लिहू नका. मॅप दोनदा वाचा, दोन्ही फाइली जुळवा, नीट नाव देऊन तीन ठिकाणी ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीचं व्होल्टेज किती होतं ते वहीत लिहा. हेडलाइट जोडून आणि काढून असं दोन्ही करून बघा, फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

दोन फाइली जुळल्या नाहीत तर निराश होऊ नका. उलट आनंद माना, की हे गाडी चालू असताना कळलं. केबल बदला, यूएसबीचं दुसरं भोक वापरा, चार्जर तपासा आणि परत वाचा.

ज्या दिवशी कोणाच्याही गाडीची मूळ फाइल न चुकता तुमच्या पेन ड्राइव्हवर जाऊन बसेल, त्या दिवशी लिहायला शिका. पुढच्या व्हिडिओत आपण इंधनाचा तक्ता उघडून एकेक चौकोन वाचणार आहोत. तोपर्यंत तुमची मूळ फाइल तयार ठेवा, कारण उदाहरण म्हणून तीच लागणार आहे.

भेटू लवकरच.